रकाना अकरा

नाना पेठेत, मंडळाच्या फाटकाबाहेर
सायकलच्या दुकानाला टेकून माझं टेबल.
एक पाय डुगडुगतो, त्याखाली
घडी घातलेला एक जुना कागद.
अर्ज लिहून देते. तीस रुपये.
सही येत नसेल तर अंगठ्याची शाई फुकट.

या महिन्यात रांगेत सगळ्या बायकाच.
पेन्शनचं वय अठ्ठावन्नचं एकसष्ट झालं,
त्या खाचेत अडकलेल्या.
आता नवं पत्रक आलंय:
बाधित महिलांच्या भरपाईबाबत विचार होईल.
होईल.
हे क्रियापद एकदा बसलं की उठत नाही,
मला ठाऊक आहे.

रकाना एक ते दहा भराभर जातात.
नाव, नवऱ्याचं नाव, खात्याचा क्रमांक.
अकराव्याशी पेन अडतं:
नुकसानीचा तपशील, दोन ओळींत.

मैमून शेख डोळे बारीक करून
मी कुठे बसलेय याचा अदमास घेते.
मोतीबिंदू पेन्शनवर टाकला होता, म्हणाली.
तीन वर्षं साड्यांना फॉल लावले
ते बोटांनी बघून.
मी लिहिलं, दृष्टी.
पुढे किती रुपये लिहू?
"तूच बघ," म्हणाली, आणि हसली.

पानशेत फुटलं तेव्हा सगुणा घोडके
आईच्या पोटात होती, मंगळवारात,
कुणाच्या तरी गच्चीवर नेऊन ठेवलेली.
शाळेत गुरुजींनी अख्ख्या वर्गाला
एकच वाढदिवस वाटला, एक जून,
आणि साल टाकलं अंदाजे, चौसष्ट.
"कागदावर मी अडीच वर्षांनी लहान.
लग्नात बरं पडलं होतं, बाई."
मंडळाची रेघ बरोबर चौसष्टच्या एक जूनवर पडली.
आदल्या दिवसापर्यंत जन्मल्या, त्या सुटल्या.
गुरुजी आता कुठे असतील?
असले तर पेन्शन घेत असतील.

नरसव्वा बोल्लीनं आधी डबा उघडला,
अर्धी भाकरी माझ्या पुढ्यात ठेवली.
पैशाचं तू काहीही लिही.
पण वर हे लिही, की
अठ्ठावन्न भरली तशी मी काम सोडलं,
विड्यांचं सूप जावेला देऊन टाकलं,
गल्लीत पेढे वाटले,
आणि या खिडकीशी आले तर तो पोरगा म्हणतो,
मावशी, तीन वर्षांनी या.
पेढे वाटले होते गं मी.
कुणी एका शब्दानं सांगायला नको?

आतलं उत्तर ठरलेलं आहे:
सर्व संबंधितांना वेळीच कळविण्यात आले होते.

आले होते. खरं आहे.
चार वर्षांपूर्वी, आतल्या टेबलावर, रोजंदारीवर,
तो मजकूर मीच टाइप केला.
'संबंधितांना'वरचे अनुस्वार दोनदा तपासले.
साहेबांची सही झाली, शिपायानं
पाण्याच्या पिंपामागच्या फळ्यावर तो डकवला,
आणि मी घरी जाताना कोथिंबीर घेतली.
नरसव्वाला वाचता येत नाही हे मला माहीत होतं.
दर वर्षी तिचा अंगठा मीच घ्यायचे.

माझाही जन्म चौसष्टचा. ऑक्टोबर.
टाइप करताना ध्यानातच आलं नाही.
वय कसं, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं वाटलं.

साडेपाचला फाटक लागलं.
गठ्ठ्याच्या तळाशी माझाही अर्ज आहे,
दहा रकाने भरलेले.
अकराव्यात एवढंच: मला कळविण्यात
आणि पुढे शाईचा ठिपका,
पेन बराच वेळ टेकून राहिल्याचा.

सायकलवाल्यानं शटर ओढलं.
मी टेबल उचलून पायाखालचा कागद काढला,
घड्या उलगडल्या, पुन्हा वाचला.
एकही चूक नाही.
टेबल आता जास्तच डुगडुगतंय.

उद्या नरसव्वाचे तीस रुपये
परत करायचे आहेत.